अभयाचा घास

राजमतीअक्कांनी परसातल्या कढीपत्त्याखाली डबा उपडा केला, तेव्हा त्यांच्या मनात तिळभरही अपराधीपणा नव्हता. उलट आज हातून काहीतरी बरं घडलं, अशा समाधानात त्या होत्या. डब्यातले रातकिडे टपाटप उड्या मारत गवतात पांगले. एक तेवढा झाकणाच्या कडेला अडकून बसला होता. त्याला त्यांनी पदराच्या टोकानं अलगद पुढं सारलं.

"जा रे बाबा. अभय आहे तुला."

मग त्यांनी हात जोडले, डबा धुतला आणि उन्हात पालथा घातला.

विश्रामबागेतल्या मगदूमांच्या घरात पाणी गाळूनच प्यायचं, धान्य हातानं निवडूनच दळायला द्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवण आटपायचं आणि छपराखाली एकाही जिवाची हत्या होऊ द्यायची नाही, हा अक्कांचा नेम. सासूबाईंकडून त्यांनी तो घेतला होता आणि कुणाला उपदेश न करता पाळला होता. मुंगी दिसली तर त्या पाऊल लांब टाकायच्या. भरतेशअण्णा, म्हणजे त्यांचे यजमान, त्यावरून चेष्टा करायचे. "आमच्या घरात झुरळंसुद्धा पेन्शन घेऊन मरतात," म्हणायचे.

अशा घरात सून वेदिका सरडा घेऊन आली होती.

तसे त्या काळात सांगलीत गल्लोगल्ली सरडे आले होते. उन्हाळे लांबले, घरं लहान झाली, सोसायट्यांनी कुत्र्यांना बंदी केली. उन्हाला न कंटाळणारा, न भुंकणारा, रंग बदलून पोरांना गुंगवणारा हा प्राणी लोकांना आवडून गेला. आपल्या रानातला घोयरा सरडा सरकारनं राखलेला, त्याला हात लावायची सोय नव्हती. पण परदेशी जातीचे, पैदास केंद्रात जन्मलेले शॅमेलिऑन परवाना काढून पाळता यायचे. एकच अडचण होती. प्रत्येक सरड्याला रोज जिवंत किडे लागत. त्यासाठी गावाबाहेर रातकिड्यांचे कारखाने उभे राहिले. तिथं कोट्यवधी किडे जन्माला घातले जात, ते फक्त गिळले जाण्यासाठी. त्या रस्त्यानं रिक्षा गेली की ती किरकिर ऐकून अक्का कानांवर पदर ओढून घेत.

वेदिका प्राण्यांच्या आहाराची शास्त्रज्ञ. तिला हे कारखानेच बंद पाडायचे होते. ती जे करत होती त्याला तिनं नाव दिलं होतं चलकण. प्रयोगशाळेत वाढवलेल्या प्रथिनाची बोटाच्या पेराएवढी गोळी, तिच्यातच मोजून घातलेलं कॅल्शियम, ड आणि अ जीवनसत्त्व. गोळीच्या पोटाला बारीक, एकाच बाजूला कललेले केस. खालचं ताट थरथरलं की ते केस गोळीला पुढं ढकलत; दात घासायचा ब्रश पालथा घालून टेबलावर ठोकलं तर तो जसा सरकतो, तसंच. ताटाखाली छोटी मोटर होती. गोळी चालायची, वळायचीसुद्धा.

"मग घोडं पेंड कुठं खातंय?" अण्णांनी विचारलं होतं.

"तो खात नाही, अण्णा. बघतो आणि तोंड फिरवतो."

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आणि आमच्या सुनेची सरड्यापर्यंत!"

वेदिका हसली होती. पण ते तिला लागलं होतं, हे अक्कांना दिसलं.

घरात जीवहत्या नको म्हणून तडजोड अशी ठरली होती की परसापलीकडच्या जुन्या हळदीच्या खोलीत सरडा राहील. चलकण जमेपर्यंत त्याला रातकिडे तिथंच दिले जातील आणि अक्का तिकडं फिरकणार नाहीत. हा सरडा आधीच आजारी होता. पहिल्या मालकानं त्याला नुसते किडे घातले होते, कॅल्शियम नाही, नीट प्रकाश नाही. हाडं मऊ पडली तसा त्यानं तो सोडून दिला. वेदिका प्रत्येक रातकिडा पांढऱ्या भुकटीत घोळवून त्याला द्यायची. डोक्यावर अतिनील दिवा लावलेला होता, कारण त्या उजेडाशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही.

अण्णांनी त्याचं नाव ठेवलं तलाठी. "एक डोळा या बांधावर, एक त्या बांधावर. दुसरं काय म्हणणार?"

अक्का फिरकणार नव्हत्या. पण पाणी शिंपडायला म्हणून एकदा गेल्या आणि मग रोजच जाऊ लागल्या. तलाठी वाटीतलं पाणी पीत नसे. जास्वंदीच्या पानावर थेंब पडले तरच चाटायचा. अक्का पाणी गाळून शिंपडायच्या. अंधार पडला की तो अन्नाला शिवायचा नाही. आणि चालायचा कसा, तर एक पाय उचलायचा, हवेत धरायचा, मागं-पुढं डुलायचा आणि जागा पारखूनच टेकवायचा. पायाखाली जीव येऊ नये म्हणून चार हात पुढची जमीन बघत चालणारे मुनिमहाराज अक्कांनी लहानपणापासून पाहिले होते. त्या अण्णांना म्हणाल्या, "अहो, हा तर आपल्यातलाच निघाला."

"किडे खातो तो, राजमती."

"तेवढं एक सोडलं तर."

वेदिका कामासाठी पुण्याला गेली, तेव्हा ते तेवढं एक सोडवायची जबाबदारी अक्कांनी आपल्या डोक्यावर घेतली. तलाठीला खायला घालायचं काम अण्णांवर होतं. पण त्यांचा गुडघा सुजला. "द्या किल्ली, मी बघते," असं म्हणून अक्का गेल्या आणि रातकिड्यांना मोकळं करून आल्या. सुनेनं इतक्या कष्टानं चलकण केलेत, तर भूक लागली की खाईलच की, असा त्यांचा हिशेब. त्यांनी ताट लावलं, मोटर सुरू केली. गोळ्या घुंघुं करत फिरायला लागल्या. तलाठीनं एक डोळा फिरवला आणि मिटून घेतला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. पर्युषण जवळ आलेलं. अक्कांना भरून आलं. त्या अण्णांना कौतुकानं सांगू लागल्या, "बघा हो, त्यानं उपवास धरलाय."

वेदिका परत आली, ती चपला न काढता हळदीच्या खोलीत गेली. अक्का तिच्या मागोमाग. तलाठी फांदीच्या खालच्या अंगाला लोंबकळत होता. रंग शेवाळासारखा मळकट. पुढच्या पायाची पकड सुटलेली. जिभेचं टोक ओठाबाहेर आलेलं, आणि ते आत घ्यायचं त्राण त्याच्यात नव्हतं.

"अक्का, यानं खाल्लं कधी?"

"उपवास आहे त्याचा."

वेदिकानं कोपऱ्यातल्या फळीकडं पाहिलं. डबा नव्हता. मग खिडकीतून कढीपत्त्याकडं पाहिलं. तिला समजलं.

मिरजेहून बागवान डॉक्टर आले. प्राण्यांचा डॉक्टर म्हणून साऱ्या जिल्ह्यात त्यांचं नाव होतं. त्यांनी खिडकी लावून घेतली आणि एक जांभळा दिवा तलाठीवर धरला. सरड्याच्या डोक्यावरची हाडं कातडीच्या अगदी लगत येतात आणि त्या उजेडात निळी चमकतात. धडधाकट जनावराच्या डोक्यावर निळ्या ठिपक्यांची रांगोळी उठते. तलाठीच्या डोक्यावर चार-दोन ठिपके होते. विझत आलेल्या निखाऱ्यांसारखे.

"औषध किड्यांच्या अंगावर होतं, काकू," डॉक्टर हळूच म्हणाले. "किडे गेले, त्यांच्याबरोबर औषधही गेलं. आता रक्तातलं कॅल्शियम उतरलंय. जीभ बाहेर फेकायला स्नायू लागतो आणि स्नायूला कॅल्शियम."

"भरवता येणार नाही का?"

"तोंड उघडायला गेलो तर जबडा मोडेल. ओठाला थेंब लावतो; पण थेंबांवर फार दिवस निघणार नाहीत. त्यानं आपण होऊन खाल्लं पाहिजे. नाहीतर..." त्यांनी बॅग बंद केली.

डॉक्टर गेल्यावर वेदिका भांडली नाही. अक्कांना वाटलं, भांडली असती तर बरं झालं असतं. ती पाठमोरी उभी राहून एवढंच म्हणाली, "रातकिड्यांना तुम्ही सोडवलंत, अक्का. याला आता कोण सोडवणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटपून अक्का नेहमीसारख्या जोंधळा निवडायला बसल्या. ताटात दाणे पसरले, पण बोटं चालेनात. दाण्यांत एक टोका होता, धान्यातला तो सोंडवाला काळा किडा. ताटाला धक्का लागला तसा तो पाय आखडून मेल्यासारखा पडला. अक्का सवयीनं थांबल्या. किड्याला बाजूला काढायचं तर आधी तो खडा आहे की जीव आहे, हे कळावं लागतं. खडा असेल तर ढकलल्यावर हलतो आणि सोडल्यावर पडून राहतो. जीव असेल तर दम धरतो, अंदाज घेतो, मग सोंड उचलतो. टोक्यानं सोंड उचलली. अक्कांनी त्याला कागदावर घेऊन बाहेर सोडलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

एकाला जपायचं आणि दुसऱ्याला मरू द्यायचं, ही दया कसली? हे पाप आपल्या खाती आधीच पडलंय. आता नेमाच्या आड लपून ते दुप्पट करायचं का?

त्या वेदिकाच्या खोलीच्या दारात गेल्या. "पोरी, एक रातकिडा आण."

अण्णांनी चहाची कपबशी खाली ठेवली. "राजमती, काय बोलतेस?"

"इथं, घरात आण. मीच त्याच्यापुढं धरीन. पाप वाटून घ्यायला दुसरं कुणी नको."

वेदिकाला माहीत होतं, की या बाईनं आजारपणातसुद्धा दिवस मावळल्यावर औषधाची गोळी घेतली नव्हती. "अक्का, मी हळदीच्या खोलीतच..."

"नको. चोरून नको."

दुपारी ओसरीवर तलाठीची फांदी आणली. खाली पितळी ताट ठेवलं. वेदिकानं पांढऱ्या भुकटीत घोळवलेला एक रातकिडा ताटात सोडला आणि बाजूला झाली. अक्कांनी ताट दोन्ही हातांनी उचलून धरलं. ओठांवर णमोकार मंत्र चालू होता. डोळे मिटून घ्यावेत असं वाटत होतं, पण त्यांनी ते उघडे ठेवले. आपण काय करतोय ते बघायलाच हवं.

रातकिडा मधोमध उभा राहिला. हलेचना.

तलाठीचा एक डोळा ताटाकडं वळला. दुसरा अक्कांवर होता.

रातकिड्यानं एक मिशी उचलली, खाली घेतली. थांबला. दोन पावलं टाकली. पुन्हा थांबला, जणू कुणाची तरी चाहूल घेतोय. आणि तलाठीचा दुसरा डोळा अक्कांवरून सावकाश सरकत ताटावर आला. दोन बांधांवरचे दोन डोळे एका जागी मिळाले. तोंड किंचित उघडलं.

सकाळचा तो टोका अक्कांच्या नजरेसमोर आला.

त्यांनी झटकन जवळची वाटी उचलून रातकिड्यावर पालथी घातली.

"अक्का!" वेदिका ओरडलीच. "अहो, खाणार होता तो!"

"चलकण दे. ते यंत्र राहू दे, नुसती गोळी दे."

"ती तो खात नाही!"

"तुझी गोळी चालतच राहते गं. जीव असा चालतो का? तो आधी थांबतो. भितो. दे लवकर, त्याचे डोळे फिरतील."

वेदिकानं गोळी ताटात टाकली. अक्कांनी ताटाच्या बुडाला नखानं खर्रकन ओढलं. गोळीच्या पोटाचे केस थरथरले, गोळी दोन गव्हांएवढी पुढं सरकली. अक्का थांबल्या. तलाठीचा एक डोळा निसटू पाहत होता. अगदी हलकं नख लावलं; गोळी जागच्या जागी शहारली. पुन्हा स्तब्ध. अण्णा गुडघा विसरून उभे होते.

खर्र. थांबणं. खर्रखर्र. थांबणं.

जीभ सुटली आणि निम्म्या वाटेत गळून पडली, भिजलेल्या दोरीसारखी. ती आत ओढून घ्यायला तलाठीला किती वेळ लागला! वेदिकानं तोंड फिरवलं. "नाही जमायचं त्याला. ताकद नाहीये."

"त्याला लांब असेल तर मी जवळ येते," अक्का म्हणाल्या. त्या गुडघ्यावर पुढं सरकल्या, ताट त्याच्या तोंडाशी नेलं आणि नख लावलं. खर्र. थांबल्या. फारच थांबल्या. अण्णांना वाटलं विसरल्या की काय.

सप्!

ताटातली गोळी गायब होती. तलाठीचा जबडा हलत होता. कचाकचा, सावकाश, आजारी माणसानं भाकरी चावावी तसा.

"खाल्लं," अण्णा म्हणाले. मग मोठ्यानं, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असं, "अगं खाल्लं की गं! खाल्लं तलाठ्यानं!"

वेदिका हसत होती की रडत होती, सांगणं अवघड. तिनं अक्कांचा तो हात धरला, ज्याच्या नखात पितळेची काळी रेघ गेली होती. अक्का म्हणाल्या, "आधी वाटीखालच्याला सोड. गुदमरेल तो."

त्या दिवसापासून अक्का भरवत राहिल्या. वेदिकानं ताटाखाली कंपनं टिपणारं यंत्र बसवलं, अक्कांच्या नखाची चाल उतरवून घेतली आणि मोटरला शिकवली. तलाठीनं दोन दिवस त्या चालीवर खाल्लं, तिसऱ्या दिवशी तोंड फिरवलं. अक्का ताट घेऊन आल्या की मात्र लगेच खायचा. वेदिकाला कोडं पडलं. चाल तीच, गोळी तीच. मग एकदा ती तलाठीला सोडून अक्कांनाच न्याहाळत बसली आणि एकदम टाळी वाजवून उठली.

"अक्का, तुम्ही ताटाकडं बघतच नाही!"

"मग कुठं बघते?"

"त्याच्या डोळ्यांकडं! त्याची नजर आली की तुमचं नख थांबतं. नजर सुटली की चालू होतं. खरा किडा हेच करतो, कुणी बघतंय असं वाटलं की गप्प होतो. मी मोटरला चाल शिकवली. मला तिला डोळे द्यायला हवेत."

"मला तरी कुठं ठाऊक होतं?" अक्का नवलानं आपल्याच बोटाकडं बघत म्हणाल्या.

वेदिकानं ताटाच्या काठाला बारीक कॅमेरा बसवला. तो सरड्याच्या दोन्ही डोळ्यांचा माग ठेवायचा आणि त्या नजरेनुसार गोळी थबकायची, शहारायची, पळायची. आता ताट दर वेळी नवं वागत होतं. तलाठी खाऊ लागला तो मिटक्या मारत. गोळीतलं कॅल्शियम पोटात जात होतं, आणि अण्णा रोज वेळेवर दिवा लावत होते. दिवाळीच्या सुमाराला बागवान डॉक्टरांनी पुन्हा खिडकी लावली, जांभळा उजेड धरला, आणि तलाठीच्या कपाळापासून शेंडीपर्यंत निळ्या ठिपक्यांची रांगच्या रांग पेटली. अक्कांनी हात जोडले.

"दीपोत्सव झाला की, काकू!" डॉक्टर म्हणाले.

मिरजेच्या मोठ्या सभागृहात वेदिकाच्या खाद्याची जाहीर चाचणी झाली. लोक आपापले सरडे घेऊन आले होते. हिरवे, निळसर, पट्टेरी, एक तर इतका लठ्ठ की मालकाला त्याची लाज वाटत होती. यांतल्या एकानंही आजवर जिवंत किड्याशिवाय काही खाल्लं नव्हतं. परीक्षक पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. ताटं लावली गेली. वेदिकानं कळ दाबली. गोळ्या दोन पावलं चालल्या आणि सगळ्या थांबल्या.

मग एका टोकाला सप्! मध्येच कुठंतरी सप्! आणि मग सप्, सप्, सप्, गच्चीवर वळवाचे टपोरे थेंब पडावेत तसा आवाज सभागृहभर पसरला. मालक उठून उभे राहिले. तो लठ्ठ सरडा शेजाऱ्याच्या ताटातलं खाऊन मोकळा झाला. परीक्षकांच्या हाताच्या घड्या सुटल्या आणि टाळ्या वाजू लागल्या.

"या खाद्याचं नाव?" परीक्षकांनी विचारलं.

कागदावर चलकण लिहिलेलं होतं. वेदिकानं मागच्या रांगेतल्या सासूकडं पाहिलं आणि म्हणाली, "अभय."

परतताना अण्णा गाडीत घसा खाकरून म्हणाले, "सूनबाई, ते कुंपणाचं मी बोललो होतो, ते मागं घेतो. कुंपणच राहिलं नाही."

वर्षभरात अभयची ताटं देशोदेशी गेली. गावाबाहेरचे रातकिड्यांचे कारखाने एकेक करून थंडावले. ज्या कारखान्यावरून जाताना अक्का कानांवर पदर घ्यायच्या, तिथं आता अभयच्या गोळ्या तयार होत होत्या.

किरकिर आता फक्त मगदूमांच्या परसात होती. कढीपत्त्याखाली मोकळे झालेल्यांची लेकरंबाळं तिथं सुखानं नांदत होती. अण्णांची झोप उडाली होती. पण तक्रार करायची त्यांची टाप नव्हती.

एका संध्याकाळी अक्का दिवस मावळायच्या आत जेवून ओसरीवर आल्या. तलाठी जास्वंदीच्या फांदीवर होता, हिरवागार, छातीवर पिवळे पट्टे. समोर त्याचं ताट. एवढ्यात परसातून एक रातकिडा उडी मारून थेट फांदीखाली येऊन बसला. त्यानं एक मिशी उचलली.

तलाठीचा एक डोळा खाली वळला. दुसरा ताटावर होता.

अक्का जागच्या जागी उभ्या राहिल्या. आता रातकिड्याला बाजूला सारायला हात पुढं करणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी केला नाही. ताटातली गोळी दोन पावलं चालली, दबकली, अगदी बारीक शहारली.

तलाठीचा खालचा डोळा हळूहळू वर आला. दोन्ही डोळे ताटावर मिळाले.

सप्!

रातकिडा दचकून उडाला आणि कढीपत्त्याखालच्या अंधारात गेला. थोड्या वेळानं तिथून किरकिर सुरू झाली. आतून अण्णांचा आवाज आला, "झालं का यांचं भजन सुरू?"

"झालं," अक्का म्हणाल्या, आणि हसत हसत त्यांनी तलाठीच्या पानावर गाळलेल्या पाण्याचे थेंब शिंपडले.